खानेसुमारींतील धोंडू

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत माझ्या धाकट्या भावानें मजवर एक काम सोपविलें. त्याची मुलगी वैद्यकीच्या शिक्षणासाठीं प्रवेश घेऊं पाहत होती व तिच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी व्हावयाची होती. आम्हांस लागू असलेल्या नियमाप्रमाणें १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा लागतो. भाऊ म्हणाला, "दादा, पणजोबा घोडपदेवास राहत होते हें सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्रजांनीं दर दहा वर्षांनीं माणसें मोजलीं. त्या खानेसुमारींत त्यांचें नांव आणि जात असणारच. तूं इतिहासाचा प्राध्यापक. तेवढा उतारा काढून आण, म्हणजे झालें." तीस वर्षें मीं मुलांस इतिहास शिकविला, परंतु स्वतःच्या पणजोबांविषयीं मला दोन वाक्यांपलीकडे कांहीं सांगतां आलें नसतें, याची त्या दिवशीं प्रथमच लाज वाटली.

भावाचा समज चुकीचा होता, पण अडाणीपणाचा नव्हता. विलायतेंत खानेसुमारीचे मूळ तक्ते शंभर वर्षें कुलुपांत ठेवतात व मग खुले करतात. १९२१ सालचे तक्ते जानेवारी २०२२ मध्यें खुले झाले. अमेरिकेंत ही मुदत बहात्तर वर्षांची आहे, आणि १९५० सालचे तक्ते एप्रिल २०२२ मध्यें लोकांच्या हातीं आले. तिकडे आपल्या घराण्याचा शोध घेणारे हजारों हौशी लोक आहेत व त्यांची मुख्य तक्रार नांवांच्या विसंगतीची असते. एकच मनुष्य एका गणतींत एका वर्णलेखनानें येतो, दुसरींत दुसऱ्या. आणि मधल्या दहा वर्षांत त्याचें वय सातच वर्षांनीं वाढलेलें असतें. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर अधिकाऱ्यांनीं आमचें आडनांव बदललें, अशी कथा तिकडे घरोघर सांगतात. वस्तुतः तेथील कारकून बोटीच्या यादीशीं नांव ताडून पाहत. नवीं नांवें देत नसत. नांव बदललें तें पुष्कळदां त्या माणसानें स्वतःच, पुढें केव्हां तरी, शेजाऱ्यांच्या सोयीसाठीं.

आपल्याकडे ही तक्रार करण्याचीही सोय नाहीं, कारण तक्तेच राहिलेले नाहींत. घरोघर भरलेले कागद कोष्टकें तयार होईपर्यंत ठेवावयाचे व मग नष्ट करावयाचे, अशी येथील रीत होती. १९०१ सालापासून माणसागणिक एक चिठ्ठी करून, त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे कधीं धर्माप्रमाणें, कधीं वयाप्रमाणें, कधीं धंद्याप्रमाणें पुन्हां पुन्हां वेगळे करावयाचे व मोजावयाचे, ही पद्धत सुरू झाली. पुढें १९४८ च्या कायद्यानें गणतीची नोंद कोणास पाहावयास मिळूं नये व सामान्य दाव्यांत ती पुरावा म्हणून चालूं नये, असें ठरविलें. म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या गणत्यांचाही घराण्याच्या शोधास उपयोग नाहीं. हें सर्व मीं भावास समजावून सांगितलें. तो म्हणाला, "मग इतकीं माणसें मोजलीं कशाला?"

मोजलीं तीं बेरजेसाठीं. आणि बेरजा मात्र मुबलक राहिल्या आहेत. १८६४ सालीं मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाच्या पैशाचा तेव्हां पूर आला होता. तो ओसरल्यावर १८७२ सालीं ती ६,४४,४०५ वर आली. १८९१ सालीं ८,२१,७६४. आणि प्लेगनें शहर हादरल्यावर १ मार्च १९०१ रोजीं ७,७६,००६. पांच वर्षांनीं म्युनिसिपालिटीनें पुन्हां मोजणी केली तों आंकडा साडेनऊ लाखांच्या वर गेलेला! त्या काळीं गणती एका ठराविक रात्रीं होई; त्या रात्रीं जो जेथें असेल तो तेथला. प्लेगच्या भीतीनें गांवीं पळालेला गिरणीवाला १९०१ च्या हिशेबानें कोंकणांतला झाला, आणि आंब्यांच्या मोसमानंतर पुन्हां मुंबईकर झाला. १९०१ च्या गणतीच्या निमित्तानें एस. एम. एडवर्डस यांनीं मुंबईचा जो इतिहास लिहिला, तो १९०२ सालीं 'राइज ऑफ बॉम्बे' या नांवानें स्वतंत्र पुस्तकरूपानें निघाला व तो आजही वाचनीय आहे. त्यांत राजे आहेत, गव्हर्नर आहेत, बंदर आहे. धोंडू नाहीं, आणि असावा अशी अपेक्षाही नाहीं.

पण घटकाभर समजूं कीं ते तक्ते वांचले असते. तरी काय हातीं लागलें असतें? घरांतल्या स्त्रीचें नांव सांगण्यास कोणाची हरकत असेल तर नांवाच्या खान्यांत नुसतें 'स्त्री' लिहावें, बारसें न झालेल्या मुलाबद्दल 'तान्हें मूल' लिहावें, अशा सूचना गणकांस असत. शिवाय नवऱ्याचें नांव बायकोनें उच्चारावयाचें नाहीं, हा आपला रिवाज. नांव घ्यावयाचें तर उखाणा हवा. आणि दारांत कागद घेऊन उभ्या राहिलेल्या सरकारी माणसास उखाणा कोण ऐकविणार? मग शेजारीण सांगे. आणि शेजारणीच्या कानांवर ज्या नांवाची हांक पडत असेल तेंच नांव कागदावर चढे.

घोडपदेव, काळाचौकी, माझगांव या बाजूस तर कुटुंबें थोडीं आणि एकटे पुरुष फार. गोदींत, गिरणींत, रेल्वेंत काम करणारे एकेका गांवचे लोक मिळून एक खोली घेत. वीस-पंचवीस जणांच्या वळकट्या भिंतीशीं, ट्रंका माळ्यावर. दिवसपाळीचा उठला कीं त्या जागीं रात्रपाळीचा आडवा होई. १९२१ सालीं शहरांतील शंभरांपैकीं चौऱ्यायशीं माणसें शहराबाहेर जन्मलेलीं होतीं आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वांटा मोठा होता. अशा खोलींत गणक शिरला म्हणजे त्यास एकाच गांवचे दोन-तीन धोंडू सहज भेटत. आधींचीं मुलें दगावलीं कीं पुढच्याचें नांव दगडू, धोंडू किंवा केरू ठेवावयाचें, म्हणजे त्यावर मृत्यूची नजर पडत नाहीं, ही समजूत तेव्हां सर्वत्र होती. ज्या काळांत घरोघर मूल दगावे, त्या काळांत खोलीगणिक धोंडू असावा यांत नवल तें काय?

गणती करणारांनीं माणसांचीं नांवें कशीं लिहिलीं असतील, याचा अंदाज त्यांनीं ठिकाणांचीं नांवें कशीं लिहिलीं त्यावरून करतां येतो. मुंबईच्या कोष्टकांत घोडपदेव हा स्वतंत्र विभाग नाहीं. शेजारची ताडवाडी आहे, पण 'टारवाडी' या वेषांत. ताडदेव तर इंग्रजींत आजतागायत 'टारदेव'च आहे. आमचें घोडपदेवही जुन्या इंग्रजी कागदांत 'घोरपदेव' किंवा 'घोरुपदेव' असें उमटलें. आपल्या 'ड'चा उच्चार साहेबाच्या कानास 'र'सारखा लागे, आणि त्याच्या हाताखालचा देशी कारकून साहेबाचा कान प्रमाण मानी. घोरपडे हें आडनांव ज्या मुलखांत प्रसिद्ध आहे तेथें एखाद्या परक्यानें या देवाचा संबंध घोरपडीशीं जोडला तर त्यास दोष कसा द्यावा? देवळावरून वस्तीस नांव पडलें, आणि कागदावर गेल्यावर तें देवासही ओळखूं येऊं नये असें झालें. इंग्रजींतून मराठींत परत येतांना तर दुसरा अपघात होतो. काळे काले होऊन येतात, साठे साथे होऊन येतात, आणि तेंच बरोबर असें नातवंडांस वाटूं लागतें.

तथापि सगळा दोष परक्या लिपीवर ढकलणें सोयीचें असलें तरी खरें नाहीं. आमच्या लोकांत नांव ही स्थिर वस्तुच नव्हती. लहानपणीं राघ्या, मिळवता झाला कीं राघू, गांवकींत चार लोक विचारूं लागले कीं राघोबा, आणि वंशावळींत जाऊन बसला कीं राघोजी. लिहिणारा कोण व ज्याचें नांव लिहावयाचें तो कोण, यावर शेवटचा प्रत्यय अवलंबून असे. खोताच्या वहींत कुळ राघूच राहावयाचा. त्याच्या पणतूनें छापलेल्या लग्नपत्रिकेंत तोच राघोजीराव होतो. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहींत, शब्दांमध्यें जागा सोडीत नाहींत; घाईनें लिहिलेल्या मोडींत धोंडी कीं धोंडू हें ठरवितांना सरावलेला वाचकही थबकतो. बापाचें नांव 'बिन' किंवा 'वलद' लावून येई, नवऱ्याचें 'कोम' किंवा 'भ्रतार' लावून. आणि आडनांव पुष्कळदां नसेच. तें चिकटलें शाळेंत. एका मास्तरांनीं गांवाच्या नांवास 'कर' लाविला, दुसऱ्यांनीं कुळाचें जुनें नांव विचारून तें घातलें, आणि सख्खे भाऊ दोन आडनांवांचे झाले. आमच्या घरींही हेंच घडलें आहे. तीं दोन आडनांवें येथें सांगण्याचें कारण नाहीं. तीं पुष्कळांचीं आहेत.

एका ठिकाणीं मात्र आपल्या लोकांचा माग चांगला राहिला आहे, आणि तें ठिकाण समुद्रापलीकडे आहे. एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरांतून कोंकणांतले पुष्कळ लोक करारानें मॉरिशसला उंसाच्या मळ्यांवर गेले. तेथें उतरलेल्या प्रत्येक मजुरास क्रमांक मिळे. त्या क्रमांकाखालीं त्याचें नांव, बापाचें नांव, गांव, जात, उंची, अंगावरच्या खुणा लिहून ठेवीत, आणि पुढें पुढें छायाचित्रही. हे कागद मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेले आहेत. नांवांची दुर्दशा तेथेंही झालीच. लिहिणाराचा कान इंग्रजी किंवा फ्रेंच, आणि आजोबाचें पहिलें नांव हेंच नातवंडांचें आडनांव होऊन बसलें. पण क्रमांक हलला नाहीं, आणि त्या धाग्यानें तिकडचे मराठी लोक रत्नागिरीच्या खेड्यांपर्यंत येऊन पोंचतात. त्या कागदांचा मला क्षणभर हेवा वाटला, आणि लगेच त्या हेव्याची शरमही वाटली. माणसाला नंबर घालून मळ्यावर जुंपणाऱ्या व्यवस्थेनेंच त्याची आठवण एवढी नीट ठेवावी, ही गोष्ट विचित्र खरी.

असो. आतां आमच्या धोंडूकडे वळतों. घरांत त्यांस धोंडिबा म्हणत. ते संगमेश्वर तालुक्यांतील एका खोती गांवांतून मुंबईस येऊन गोदींत लागले. आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झांत वारले. हींच तीं दोन वाक्यें. खानेसुमारी नाहीं, तर दुसरे कागद पाहूं, म्हणून मीं शोधास लागलों, आणि पांच-सहा महिन्यांच्या खटपटीनंतर चार कागद हातीं आले.

पहिला शहरांतील मृत्यूच्या नोंदीचा. ऑक्टोबर १९१८, घोडपदेव, 'धोंडी राघोबा', वय चाळीस, जात मराठा. त्या महिन्याच्या ६ तारखेस एका दिवसांत मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले होते. अशा दिवसांत कारकुनानें प्रत्येकाचें नांव दोनदां विचारून घ्यावें असें म्हणणें अन्यायाचें होईल. दुसरा कागद गांवचा, जन्ममृत्यूचा नमुना चौदा. १९१० साल, बाप 'धोंडू राघू, कुणबी', आणि मुलाच्या जागीं नुसतें 'मुलगा'. बारशाच्या आधीं नोंद झाली. नांव पुढें कोणी घातलें नाहीं. तिसरा माझ्या आजोबांच्या मुंबईंतील शाळेचा दाखला. त्यांत बाप 'धोंडिबा', मास्तरांनीं दिलेलें 'कर'वालें आडनांव, जात मराठा, आणि जन्मतारीख १ जून १९११. महाराष्ट्रांतील किती लोक १ जून रोजीं जन्मले आहेत याची जर कोणी गणती केली तर ज्योतिषी चकित होतील. शाळा जूनमध्यें उघडते एवढेंच त्याचें कारण.

चौथा कागद गांवच्या फेरफाराचा, आणि त्यानें मला चांगलाच घोळांत घातलें. १९२३ सालच्या नोंदींत 'धोंडू राघू' हा हयात कुळ म्हणून उभा! १९१८ सालीं घोडपदेवास वारलेला मनुष्य पांच वर्षांनीं संगमेश्वर तालुक्यांत भात कसा लावील? गांवीं जाऊन चौकशी केली. भावकींतील एका वृद्ध गृहस्थांनीं सांगितलें, "तेव्हां धोंडू दोन होते, एक थोरला, एक धाकटा. मुंबईला कोण गेला तें आमच्या वडलांना ठाऊक." मग १९१० सालचा तो 'मुलगा' कोणाचा? आमच्या धोंडिबांचा, कीं गांवीं राहिलेल्या दुसऱ्या धोंडूचा? कुणबी हा शब्द चारांपैकीं त्या एकाच कागदावर होता, आणि माझ्या पुतणीचें वर्ष त्या एका शब्दावर अवलंबून होतें.

हा प्रश्न आमच्या एका घरापुरता नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें राज्य सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. प्रथम मराठवाड्यापुरतें असलेलें तिचें काम पुढें राज्यभर झालें, आणि जुन्या दप्तरांतून कुणबी अशा नोंदी लाखोंनीं निघाल्या. त्यांतील पुष्कळ मोडींत असल्यामुळें मोडी वाचणारांस एकाएकीं मागणी आली. त्या वादाच्या राजकारणांत मला शिरावयाचें नाहीं. परंतु नोंद सांपडणें आणि ती आपल्या पूर्वजाचीच आहे असें दाखविणें या दोन गोष्टींत किती अंतर आहे, तें ज्यानें हें काम केलें असेल त्यास सांगावयास नको. गांवीं कुणबी म्हणून नोंदला गेलेला मनुष्य मुंबईच्या शाळेंत मराठा होई. त्यांत लबाडी नव्हती. विचारणारा निराळा होता, आणि विचारण्याची वेळही निराळी होती.

भावाचें म्हणणें सरळ होतें. "दादा, तूं प्रतिज्ञापत्र करून दे कीं धोंडी, धोंडू आणि धोंडिबा हे एकच. तुझ्या शब्दाला वजन आहे." मीं म्हटलें, "वजन आहे तें न तपासतां शब्द देत नाहीं म्हणून." तो रागावला. "हा तुझा प्रबंध नाहीं. पोरीचें वर्ष आहे." त्याचें चुकत होतें असें मला त्या वेळींही वाटलें नाहीं. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत मीं अशीं अनुमानें कितीदां खोडलीं आहेत. पण तेथें खोडल्यानें कोणाचें कांहीं जात नव्हतें. जवळ जवळ तीन आठवडे आम्हां भावांत नीट बोलणें झालें नाहीं.

गुंता सुटला तो एका बाईच्या नांवामुळें. आमच्या पणजीस सगळे 'बय' म्हणत. तिचें खरें नांव काय, हें घरांत कोणासही माहीत नव्हतें. शाळेचा दाखला मीं दहा वेळां वाचला होता, पण बाप व जात याच खान्यांकडे डोळे लागल्यामुळें पालकाचा खाना नजरेंतून निसटला होता. बाप वारलेला असल्यानें त्यांत 'सावित्रीबाई, आई' असें लिहिलेलें होतें. तेव्हां मीं पुन्हां तलाठ्याच्या दप्तराकडे गेलों व १९२३ च्या पुढचे फेरफार काढविले. १९२७ सालीं नोंद आहे: धोंडू राघू मयत, वारस मुलगा बाळू, अज्ञान, पालक आई सावित्री, हल्ली राहणार मुंबई. म्हणजे १९२३ सालीं तो हयात दिसतो तो केवळ वारसाची नोंद कोणी केली नाहीं म्हणून. विधवा बाई मुंबईंत, मूल शाळेंत, खोताच्या गांवांतलें तुटपुंजें कुळाचें भात. तलाठ्याकडे जाणार कोण? नऊ वर्षें धोंडू कागदावर जिवंत राहिला.

परंतु नोंदींतला 'बाळू' कोण? आजोबांचें शाळेंतलें नांव निराळें होतें. माझ्या आत्यास विचारलें. ती आतां ऐंशीच्या पुढें आहे. ती म्हणाली, "अरे, बय त्यांना बाळूच म्हणायची. आम्हीं पोरें हंसायचों, एवढ्या मोठ्या माणसाला बाळू काय म्हणते म्हणून." तिची ही आठवण मीं लिहून घेतली व तिची सहीही घेतली. खानेसुमारींत जिला कदाचित् नुसतें 'स्त्री' म्हणून लिहिलें असेल, तिच्यामुळेंच चारही कागद एकत्र आले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवांत आईचें नांव बापाच्या नांवाआधीं घालण्याचा नियम महाराष्ट्र सरकारनें केला आहे. तो केला तेव्हां त्यावर थट्टा करणारांत मीही होतों, हें कबूल करणें प्राप्त आहे.

मग मीं प्रतिज्ञापत्र केलें. प्रत्येक कागदावर जें नांव जसें आहे तसेंच उतरविलें. दुरुस्त केलें नाहीं. धोंडू राघू या नांवानें कुळाचा हक्क एकाच माणसाचा होता, त्याचा वारस घोडपदेवास राहणारा सावित्रीचा मुलगा होता, आणि म्हणून १९१० च्या नोंदींतील मुलगा माझे आजोबाच असावेत असें माझें मत आहे, असें लिहिलें. भावकींत दुसरा एक धोंडू होता असें गांवांतील वृद्ध सांगतात व त्याच्या बापाचें नांव कोणास आठवत नाहीं, हेंही लिहिलें. वकील म्हणाले, हें शेवटचें वाक्य गाळा. मीं गाळलें नाहीं. भावानें कागद वाचला, घडी केली आणि खिशांत घातला. बोलला कांहीं नाहीं, पण जातांना वाकून नमस्कार केला.

पडताळणीची तारीख पुढच्या महिन्यांत आहे. मधल्या काळांत एक नवीन अडचण निघाली. पुतणीच्या आधारपत्रावर तिच्या नांवाचें इंग्रजी वर्णलेखन एका प्रकारचें आहे आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्या. त्यासाठीं राजपत्रांत नांव छापून आणावें लागेल, आणि त्याचा अर्ज ती स्वतःच भरीत बसली आहे.